भाऊजी भिंत वाजवतात

मला थांबणं जमत नाही, हे आधीच कबूल करून टाकतो. दूध तापत ठेवलं की मी तीनदा झाकण काढून बघतो. बस दोन मिनिटं उशिरा आली की चालत सुटतो. आणि धंदा कुठला मिळाला? तर रंगाऱ्याचा! म्हणजे जन्मभर कशाच्या ना कशाच्या वाळण्याची वाट बघायची. त्यात माझ्या वाट्याला आले भाऊजी, माझ्या थोरल्या ताईचे यजमान. जुन्या घरांचा गिलावा दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. त्यांनी भिंत नीट करायची आणि मग मी रंग द्यायचा, असं बावीस वर्षं चाललंय. त्यातली निम्मी वर्षं मी ब्रश हातात धरून नुसता उभा राहिलोय.

भाऊजी कुठल्याही खोलीत शिरले की आधी भिंत वाजवतात. दाराजवळच्या कोपऱ्यापासून सुरुवात करायची, थापी उलटी धरायची आणि तिच्या लाकडी मुठीने वीत-वीत अंतरावर टकटक करत जायचं. वरून खाली, मग थोडं सरकून खालून वर. आतला गिलावा विटेला धरून असेल तर आवाज भरीव येतो. सुटलेला असेल तर बद्द येतो. जुन्या घरांचं असंच असतं. वरून भिंत गुळगुळीत, आणि आत गिलाव्याने विटेशी केव्हाच काडीमोड घेतलेला. अशा भिंतीवर रंग लावला तर तो चार दिवस छान दिसतो, मग एक दिवस रंगासकट सगळा पापुद्रा खाली येतो.

बद्द आवाज आला की भाऊजी खिशातला निळा खडू काढून तिथे गोल करतात. आता तो गोल म्हणजे काय ते ऐका. छन्नी लावून विटेपर्यंत सगळं काढायचं, कडा तिरप्या करायच्या, धूळ झाडायची, वीट ओली करायची, दोन थरांत गिलावा भरायचा, वाळू द्यायचा, पुट्टी ओढायची, पुन्हा वाळू द्यायची, घासायची. आणि मी तोवर खिडकीतून बाहेर बघत कप-कप चहा ढोसायचा. त्यामुळे तो बद्द आवाज कानावर पडला की खडू निघायच्या आधीच माझं तोंड वाकडं होतं. ठरवून करत नाही मी. एरंडेल प्यायल्यासारखं आपोआप होतं.

“घायकुत्या,” भाऊजी म्हणायचे, “भिंत काय पळून चाललीय का?”

भिंत पळत नव्हती, पण भाऊजी तरी कुठे एका जागी बसायचे! भिंतीच्या बाबतीत हा माणूस डोंगराएवढा धीर धरायचा आणि बाकी सगळ्या बाबतीत बूड म्हणून टेकायचं नाही. जेवायचे ते उभ्याने, घास हातात घेऊन खोलीभर फिरत. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत तिथली भिंत वाजवून यायचे. कुणाकडे समाचाराला गेलो तरी बोलता बोलता त्यांचा हात मागे जायचा, टकटक व्हायचं आणि मी शरमेने लाल व्हायचो. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हाही हेच. कुणीतरी वडिलांना सांगितलं होतं, एक मुलगा आहे, लहानपणीच आईबाप गेले, काकाच्या हाताखाली गिलाव्याचं शिकला, हात चांगला आहे. वडिलांनी न्हाणीघराची ओल दाखवायला बोलावलं. यांनी ओल बघितली आणि मग न विचारता स्वयंपाकघराची भिंत वाजवून सांगितलं, ही आतून गेलीय.

वडील भडकले. पण भिंत फोडली तेव्हा ती खरंच गेलेली निघाली. ती दुरुस्ती तीन आठवडे चालली. एवढीशी भिंत, आणि तीन आठवडे! मी तेव्हा सोळा वर्षांचा, तेव्हाही वैतागलो होतो. मला काय ठाऊक, मिस्त्रीसाहेब मुद्दाम रेंगाळतायत आणि आमची ताई दर अर्ध्या तासाने पाणी हवंय का विचारायला जातेय! पुढच्या वर्षी ते माझे भाऊजी झाले.

बोलायला मात्र ते पहिल्यापासून कमी. ‘हं’ आणि ‘बघू’ या दोन शब्दांवर त्यांचा संसार चालायचा. गेल्या काही वर्षांत ‘बघू’ही गळालं आणि नुसतं ‘हं’ राहिलं. मला त्याचा काही फरक पडला नाही. मी सकाळी तोंड उघडतो ते संध्याकाळी हत्यारं धुवेपर्यंत मिटत नाही, आणि खरं सांगायचं तर मला समोरच्याचं उत्तर लागतच नाही.

तर ते बाईंचं काम. बाई म्हणजे शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. भाऊजींनी पूर्वी त्यांचं स्वयंपाकघर केलं होतं आणि तेव्हापासून त्या दहा ठिकाणी त्यांचं नाव सांगत आल्या होत्या. त्यांचे यजमान, आम्ही त्यांना काका म्हणतो, जिन्यावरून पडले आणि त्यांचा खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली. पुढच्या गुरुवारी घरी सोडणार होते आणि घरी आल्यावर दोन महिने तरी अंथरुणात. त्यांच्यासाठी बाईंनी मागची मोठी खोली ठरवली होती, कारण तिला न्हाणीघर लागून आहे. पण खोली वर्षानुवर्षं बंद. छताजवळ पोपडे, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या गेलेल्या भेगा, खाली हात लावला तर भुगा.

“पलंग या भिंतीला लागेल,” बाई म्हणाल्या. खिडकीसमोरची भिंत होती ती. “डोकं इकडे. म्हणजे बाहेरचं झाड दिसेल त्यांना. पण भिंत नीट बघा हं. वरून काही पडलं तर त्यांना कूससुद्धा बदलता यायची नाही.”

हातात दहा दिवस होते. मी बोटांवर मोजले आणि पुन्हा मोजले.

त्याच्या आदल्या दिवशी ताईने मला झापलं होतं. रविवारी मी तिच्याकडे गेलो होतो, भाऊजी बाजारात गेले होते. ती म्हणाली, “तू त्यांच्याशी कामावर कसा वागतोस रे? मागे मी आले होते तेव्हा पाहिलं. ते भिंत वाजवतायत आणि तू बाजूला उभा राहून तोंडं करतोयस. साठीला टेकलाय तो माणूस. आधीच बोलत नाही, त्यात तू असा. जरा माणसासारखा वाग.”

मला लागलं ते. मी म्हटलं, ठीक आहे. या कामात मी तोंडातून ब्र काढणार नाही आणि तोंड वाकडंही करणार नाही.

सोमवारी भाऊजींनी खोली वाजवायला घेतली तेव्हा मी हाताची घडी घालून उभा राहिलो. चेहऱ्यावर हसू. गाल दुखायला लागले इतकं हसू. भाऊजी दोन-तीनदा वळून माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, सुधारलेला मेहुणा बघून चकित झाले असतील. खिडकीकडची भिंत झाली, तिथलं तर नुसत्या डोळ्यांनाच दिसत होतं, चार गोल निघाले. छताखाली पोपड्यांवर दोन. मी आपला हसतोय. आतून कढ येत होते, पण हसतोय.

मग ते पलंगाच्या भिंतीकडे वळले. टकटक, टकटक, आणि मध्येच, साधारण खांद्याच्या उंचीवर, बद्द. मी ऐकलं. बावीस वर्षं तोच आवाज ऐकतोय, मला चुकेल होय? भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मी हसलो. ते पुढे सरकले. खडू निघाला नाही.

इथे मी जे केलं ते सरळ सांगतो, आडपडदा नको. माझ्या मनात आलं की यांनी गोल केला नाही. मग लगेच आलं, यांना जास्त कळतं, एवढंसं असेल, चालत असेल. आणि त्याच्याही खाली एक विचार होता, तो असा की वाचले दोन दिवस! मी गप्प बसलो.

काम भराभर झालं. माझ्या आयुष्यात इतकं वेळेत काम झालं नव्हतं. आम्ही भेगा उकरून त्यांवर जाळीची पट्टी लावली, गोल भरले, पुट्टी झाली, घासून झाली, प्रायमर झाला. पुढच्या आठवड्यात मंगळवारी सकाळी मी पलंगाच्या भिंतीला रंगाचा पहिला हात दिला. फिकट हिरवा, बाईंनी निवडलेला. मी शीळ घालत होतो.

दुपारी सुतार आला. काकांना उठून बसताना धरायला भिंतीत एक दांडा बसवायचा होता. बाई इस्पितळात गेल्या होत्या. सुताराने मापं घेतली, पेन्सिलने खुणा केल्या आणि ड्रिल लावलं. दोन बोटं आत गेलं असेल नसेल, भिंत आतल्या आत कुरकुरली आणि परातीएवढा तुकडा सुटून खाली आपटला. सुतार मागे उडी मारून माझ्या बादलीत गेला.

“मी काय केलं नाही हां!” तो ओरडला. “आईशप्पथ, नुसतं टेकवलं होतं!”

धूळ खाली बसली. तुकडा जिथे पडला होता तिथे परवा उशी येणार होती. तुकड्याला माझा हिरवा रंग होता आणि पाठीमागून तो कोरडा ठाक होता. विटेला धरल्याची खूण म्हणून नव्हती. सुताराने चपला शोधल्या आणि पसार झाला.

भाऊजी शेजारच्या खोलीत हत्यारं धूत होते. मी हाका मारल्या. आले नाहीत. मीच जाऊन दंडाला धरून आणलं. भिंतीचं ते भगदाड बघून त्यांचा चेहरा उतरला. मी तर उखडलोच होतो. आपलीच चूक असली की मला राग जास्त येतो.

“ही भिंत वाजवली होती ना तुम्ही?”

“वाजवली.”

“मग?”

ते खाली बसून तुकडे घमेल्यात भरायला लागले, माझ्याकडे पाठ करून. मी पुन्हा विचारलं. उत्तर नाही. मी म्हटलं, अहो परवा माणूस यायचाय, बाईंना काय सांगायचं? उत्तर नाही. माझं डोकं फिरलं. मी हळू आवाजात एक शिवी हासडली. बावीस वर्षांत त्यांना कधी दिली नव्हती अशी. ती ऐकून कुठलाही माणूस गर्रकन वळला असता. भाऊजी शांतपणे तुकडे उचलत राहिले.

मी थंड पडलो. हळूच मागच्या भिंतीपाशी गेलो आणि मुठीने ठोकलं. मग जोरात ठोकलं. मग दार आपटलं. दार आपटल्यावर तेवढं ते वळले, तेही जमीन हादरली म्हणून. वळले आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. मी काही बोलायच्या आधीच त्यांना समजलं.

“कळलं तुला,” ते म्हणाले.

“कधीपासून?” मी विचारलं. आणि मग सावकाश, तोंड नीट उघडून पुन्हा विचारलं.

“डावा कान चार वर्षं झाली. उजवा दोन वर्षांपासून उतरतोय. समोर बसून बोललं, आवाज मोठा असला, तर लागतो अंदाज.”

“अहो, मग दोन वर्षं भिंती कशा वाजवताय तुम्ही?”

भाऊजींनी तळहात पुढे केला. “हाताला थोडं कळतं. सुटलेली भिंत वेगळी हादरते. पण दर वेळी नाही.” मग थोडे घुटमळले. “बाकीचं तुझ्या तोंडावरून.”

“माझ्या?”

“पोकळ लागली की तुझं तोंड वाकडं होतं. हमखास. तुझ्या तोंडाने कधी दगा दिला नाही मला.” मग म्हणाले, “या वेळी तू आपला हसत होतास. मला वाटलं, नशीब, भिंत बरी आहे.”

मी खिडकीच्या कट्ट्यावर बसलो. मला हसावं की रडावं कळेना. एवढी वर्षं मी वैतागायचो, आणि त्या वैतागावर हा माणूस पोकळ भिंती शोधायचा! आणि ज्या एका दिवशी मी शहाण्यासारखा वागलो, त्या दिवशी बाईंच्या नवऱ्याच्या डोक्यावर भिंत पडायची वेळ आणली. पडलीच असती की. सुतार आला नसता तर एखाद्या रात्री पडली असती.

“डॉक्टरकडे का गेला नाहीत?”

“गेलो होतो. यंत्र लावा म्हणाले. यंत्र लावलेला मिस्त्री भिंत वाजवतोय, कोण देईल काम?” ते भराभरा खोलीत फेऱ्या मारत होते, इथून तिथे, तिथून इथे. मग माझ्यासमोर थांबले. “ताईला सांगू नकोस. एवढं ऐक माझं.”

मी मान डोलावली. तेवढ्यात फाटक वाजलं. बाई आल्या.

बाई खोलीच्या दारात आल्या आणि त्यांच्या हातातली पिशवी तशीच लोंबत राहिली. “हे काय?”

मी तोंड उघडलं आणि खोटं बोलायला लागलो. मला ते सहज येतं. म्हटलं, सुतार आला होता, त्याला घाई, भसाभसा ड्रिल मारलं, जुनं घर, एवढा धक्का लागल्यावर काय होणार. बाईंच्या कपाळावर आठ्या पडल्या आणि त्या म्हणाल्या, थांबा, त्याला आत्ता फोन करते. फोन पर्समधून निघालासुद्धा. भाऊजी आळीपाळीने आमच्या दोघांच्या तोंडांकडे बघत होते. मी काय बोललो ते त्यांना ऐकू आलं नसणार, पण बावीस वर्षांत माझा खोटं बोलतानाचा चेहरा त्यांनी पुरेपूर वाचला असणार.

“बाई, सुताराकडे बोट नका दाखवू,” ते मध्येच म्हणाले, आवाज नको तेवढा मोठा. “मला ऐकू येत नाही. भिंत पोकळ होती. मी न ऐकताच ती पास केली.”

बाईंचा फोन हातातच राहिला. आणि मग मलाही गप्प बसवेना. भाऊजी साठीला उभ्या उभ्या आपली अब्रू काढून देतायत आणि मी सुताराच्या आड लपतोय! मी म्हटलं, “बाई, मला ऐकू आलं होतं. मी बोललो नाही. दोन दिवस वाचतील म्हणून बोललो नाही.”

बाईंनी आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. गृहपाठ न केलेली दोन पोरं उभी असावीत तसे आम्ही उभे. “म्हणजे,” त्या म्हणाल्या, “तुम्ही दोघं मिळून एक मिस्त्री आहात. आणि तो एकही त्या दिवशी कामावर नव्हता.” मग त्या जाम भडकल्या. काय काय बोलल्या ते सांगत नाही. सगळं खरं होतं. “माझा माणूस या भिंतीखाली झोपणार होता,” हे त्या तीनदा म्हणाल्या. मग डोळे पुसून त्यांनी इस्पितळात फोन लावला, कुणाशीतरी हुज्जत घातली आणि गुरुवारचं सोमवारवर ढकललं.

“दुसरा माणूस बघायला मला वेळ नाही,” त्या म्हणाल्या. “सगळी खोली पुन्हा वाजवायची. माझ्यासमोर. हे वाजवतील,” म्हणजे मी, “आणि मोठ्याने सांगतील. तुम्ही वाजवायचं नाही.”

भाऊजींनी खिशातला खडू काढून माझ्या हातात ठेवला. बावीस वर्षांत मी त्यांचा खडू हातात धरला नव्हता.

पुढचे दिवस कसे गेले काय सांगू! बाई खुर्ची टाकून बसायच्या. मी टकटक करायचो आणि ‘भरीव’ नाहीतर ‘पोकळ’ असं बोंबलायचो. वाटलं होतं, यात काय एवढं, कान शाबूत पाहिजे फक्त. कसचं काय! कडेला आवाज बदलतो, विटेच्या सांध्यावर बदलतो, मागे पाण्याचा नळ असेल तर बदलतो. मी अडलो की भाऊजी यायचे, तळहात भिंतीवर सपाट ठेवायचे आणि म्हणायचे, “पुन्हा ठोक.” मग मान हलवायचे, नाहीतर डोळ्यांनी खडू दाखवायचे. आणखी दोन पोकळ जागा निघाल्या, लहानशा. मोठं भगदाड त्यांनी चौकोनी उघडलं, विटेपर्यंत. लवकर धरतो म्हणून जिप्समचा गिलावा घेतला. तो त्यांना आवडत नाही, तोंडातल्या तोंडात त्याला नावं ठेवत भरला. रंगाचं मी बाईंना स्पष्ट सांगितलं, एवढा तुकडा पांढराच राहू दे, पुरता वाळला की महिन्याने येऊन रंगवतो. हे मी बोललो, मी! बाईसुद्धा चमकून बघायला लागल्या. काका सोमवारी आले, त्या भिंतीला टेकूनच बसतात, अजून कणभर माती पडलेली नाही.

पण मला शुक्रवारचं सांगायचंय.

शुक्रवारी दुपारी मी शिडीवर होतो, दाराच्या वरची पट्टी वाजवत. भाऊजी पलंगाच्या भिंतीपाशी, दाराकडे पाठ करून, भरलेल्या चौकोनाच्या कडा पत्र्याच्या पट्टीने घासत होते. बाई खुर्चीत. आणि दारात ताई आली. तिला कुठेतरी जायचं होतं आणि घराची किल्ली द्यायला ती भाऊजींना तासभर फोन करत होती. ते उचलेनात म्हणून स्वतःच आली होती.

“अहो,” तिने हाक मारली.

भाऊजी घासत राहिले.

“अहो! तुम्हाला म्हणतेय मी.”

मी वरून बघत होतो. खाली उतरावं की भाऊजींना खूण करावी, काही सुचेना. ताईच्या चेहऱ्यावर नुसता राग नव्हता. कुणी आपल्याला पुन्हा पुन्हा झिडकारावं आणि चारचौघांत झिडकारावं, तसं काहीतरी होतं.

“बघितलंस?” ती वर माझ्याकडे बघून म्हणाली. “लोकांसमोरसुद्धा हे असं. घरी तर मी भिंतीशीच बोलते.”

“अहो, त्यांना ऐकू येत नाही,” बाई खुर्चीतून म्हणाल्या. “तुम्हाला ठाऊक नाही?”

ताईने किल्ली मुठीत आवळली. मी शिडीवरून उतरलो. मी मान डोलावली तेव्हा तिचा विश्वास बसला. “कधीपासून?” तिने विचारलं. मी म्हटलं, “दोन वर्षं तर नक्कीच.”

ती मनातल्या मनात काहीतरी मोजत होती, मला दिसत होतं. मग ती खोलीत गेली, भाऊजींच्या समोर जाऊन उभी राहिली. ते दचकले. त्यांनी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि मला वाटलं, आता हे मला मारतात.

“आईचं मी तुम्हाला विचारलं होतं,” ताई म्हणाली.

इथे मला सांगायला हवं. आमची आई गेल्या वर्षी गेली, माझ्या घरी. शेवटचे आठ महिने ती अंथरुणाला खिळलेली होती आणि रोज एकच म्हणायची, मला लेकीकडे नेऊन सोड. ताई यायची, दिवसभर करायची आणि संध्याकाळी एकटीच परत जायची. मी तिला एकदा तोंडावर विचारलं, तुझ्या घरात आईला एक कोपरा नाही का? ती पिशवी उचलून निघून गेली. आईच्या दिवसांनंतर मी तिच्याशी दोन महिने बोललो नव्हतो.

“काय विचारलं होतंस?” भाऊजी तिच्या ओठांकडे बघत म्हणाले.

“आईला आपल्याकडे आणू का. तुम्ही आरशासमोर दाढी करत होता. मी मागे पलंगावर बसून विचारलं. दोनदा विचारलं.” ती एक-एक शब्द सुटा करून बोलत होती. “तुम्ही काही बोलला नाहीत. तोंड धुतलंत, कामाला निघून गेलात. मला वाटलं, नको म्हणायचंय. पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही माझी.”

भाऊजींच्या हातातली पट्टी खाली पडली. ती त्यांनी उचलली नाही. बाई उठून खोलीबाहेर गेल्या.

“अगं, त्यात विचारायचं काय?” भाऊजी म्हणाले. “घेऊन यायचं होतंस की.”